सरूबाईचं पातं

मढच्या कोळीवाड्यात चाळिशीच्या आतलं बहुतेक प्रत्येक माणूस सरूबाईच्या हातांवर जन्मलं होतं. मासळी विकणं हा तिचा धंदा. सुईणपणाचा मात्र ती नारळसुद्धा घेत नसे. नाळ कापायचं पातं पत्र्याच्या डबीत, धुतलेल्या फडक्यात, देवाच्या फळीवर असायचं. दर वेळी ती ते उकळून घ्यायची. लहानपणी मथुरानं त्या पात्यानं पेन्सिल तासली होती. त्या दिवशी पोरीला जेवण मिळालं नव्हतं.

मथुरा तिची एकुलती लेक. एकाहत्तर साली डॉक्टर झाली. पुढचं शिकायला तिला अमेरिकेतलं इस्पितळ हवं होतं. अर्जासोबत तिथल्यांनी एक पान मागितलं होतं. डॉक्टर का झालात, ते त्यात लिहायचं. इंग्रजी तपासायला मालाडहून तिची मैत्रीण नीला आली होती.

अंगणात सरूबाई घोळ मासा कापायला बसली होती.

"नीले, काय लिवलंय तिनं? वाच की मराठीत."

नीला मथुराकडे बघू लागली.

"वाच ना," मथुरा म्हणाली. "लपवायचंय काय?"

नीला अडखळत वाचू लागली. "आमच्या गावात डॉक्टर नव्हता. एक अडाणी म्हातारी मासळीच्या कोयतीनं नाळ कापायची. त्यातच माझी धाकटी बहीण धनुर्वातानं गेली. त्या दिवशी मी ठरवलं..."

सरूबाईचा हात थांबला. "कुठली बहीण गो?"

"आये, हजार अर्ज येतात तिकडं. त्यांना कुणीतरी मेलेलं लागतं."

"मग मला मारायचंस."

"नाळ कापणारीच मेली तर मी डॉक्टर का होईन? नीट जुळत नाही ते."

"आणि कोयती?"

"त्यांना काय कळतंय, पातं की कोयती!"

"तुला कळतंय ना?"

मथुरा नीलाकडे वळली. म्हणाली, "तेवढं व्याकरण बघ. उद्या टाईप करायचंय."

"हे असंच?" नीलानं विचारलं.

"असंच."

सरूबाई उठली. हात न धुताच तिनं फळीवरची डबी काढली. फडकं सोडलं. पातं घेऊन पुन्हा माशापुढं बसली आणि त्यानंच घोळीचे खवले काढू लागली.

"आये, काय करतेस हे!"

"तुझा कागद खोटा पडाया नको."

तेवढ्यात खालच्या आळीतला धर्मा धावत आला. त्याची बायको पोटुशी होती. "आत्या, चल लवकर. कळा सुरू झाल्या."

सरूबाईनं मान वर केली नाही. "अडाणी म्हातारीला कशाला नेतोस? डॉक्टरीण बसलीय बघ. तिला ने."

धर्मा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

मथुरा उठली. तिच्या बॅगेत स्टेथोस्कोप होता आणि पेन होतं, नाळ कापायला काही नव्हतं. तिनं आईपुढं हात पसरला. आईनं पातं तसंच तिच्या तळव्यावर ठेवलं, खवल्यांसकट.

"उकळून घे," सरूबाई म्हणाली. "चुलीवर पाणी तुझं तू ठेव."