मेहकरहून लंडन, शुक्रवारच्या रात्रीचं विमान

मुंबई ते लंडन साधारण सात हजार दोनशे किलोमीटर, विमानाला दहा तास. मेहकर ते मुंबई त्या मानानं शेजारच. पण आमचा जीव टांगणीला लागला तो याच टप्प्यात.

लंडनला माझ्या नणंदेचे, माधुरीचे, दिवस भरलेले आणि जावयाचा पाय प्लास्टरमध्ये. बाळंतपणाला सासूबाई निघाल्या होत्या, पहिल्यांदाच विमानानं, तेही एकट्या. गुरुवारी दुपारी चिवडा बांधताना सामानाच्या वजनाचा नियम बघायला मी तिकीट उघडलं. शुक्रवार, रात्री दोन वाजून दहा मिनिटं.

"बाबा, विमान आज रात्री आहे."

सासरे आमचे पंचांगवाले भिक्षुक. शांतपणे म्हणाले, "काऊन? वार सूर्योदयाले बदलते. शुक्रवारची रात्र उद्या."

"तुमच्या पंचांगात. विमानतळावर बारालाच बदलतो."

ते चपला शोधू लागले. नवरा परगावी, म्हणून गाडी मीच काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगते, टाकी मेहकरलाच फुल करा, समृद्धीवर चढल्यावर पंप शोधत बसू नका. टोल चांगलाच झोंबतो. डबा सोबत ठेवा. आम्ही धपाटे चालत्या गाडीतच खाल्ले, म्हणजे दोघींनी. बाबांनी घास घेतला नाही.

इगतपुरीच्या अलीकडे माधुरीचा फोन आला. "आई, पोट दुखून राह्यलं."

"पडून राह्य. येऊन राह्यली मी." फोन ठेवून सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "पोहोचन ना वं मी?"

"हो," मी म्हटलं. माझा स्वतःचाच विश्वास नव्हता.

ठाण्याला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. माझा तोल गेला. "साऱ्या गावाचे मुहूर्त काढता, घरचं तिकीट वाचता आलं नाही?" आरशात दिसलं, मागच्या सीटवर बाबांनी मान खाली घातली.

काउंटर बंद व्हायच्या जरा आधी पोहोचलो. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली होती, तेवढी रांग टळली. भाषेची भीती असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तुम्हीही मागा. दाराच्या आत तिकीटवाल्यांनाच सोडतात. काचेतून सासूबाईंचं जांभळं लुगडं दिसेनासं होईपर्यंत बाबा हात जोडून उभे होते.

शुक्रवारी घरी परतलो. बाबांनी दिवसभर चहालाही तोंड लावलं नाही. शनिवारी पहाटे सासूबाईंचा फोन आला. मुलगी झाली. "पहिले माझ्याच हातात दिली," त्या म्हणाल्या.

बाबांनी पंचांग ओढलं. "जन्मवेळ?"

"इथले रात्रीचे अकरा चाळीस."

"म्हणजे आपल्याकडे शनिवार लागला," मी म्हटलं.

बाबांनी अंगणाकडे बघितलं. अजून अंधार होता. "सूर्य कुठं उगवला? शुक्रवारच. तिथं कोणता वार हाय, विचार."

"शुक्रवार," सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी पंचांगावर हात ठेवला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"चहा ठेव बाई," ते म्हणाले. "आता उतरन घशाखाली."