यलोनाइफची संकष्टी

रात्रीचे दहा वाजून गेले होते. सुमनआजी हातात पाण्याचा तांब्या घेऊन लॉजच्या डेकवर उभ्या होत्या, डोळ्यांवर गॉगल. त्यांना चंद्राला अर्घ्य द्यायचं होतं. समोर सूर्य होता, आणि मावळायची त्याला काही घाई दिसत नव्हती.

"मीनल, कॅलेंडरात चंद्रोदय दहाच्या सुमाराला दिलाय," त्या म्हणाल्या. "हा जातोय कधी आणि तो येतोय कधी?"

मी टूर मॅनेजर आहे. घर पूर्व कॅनडात, ब्रॉसार्डला, पण वर्षातले निम्मे दिवस मी मराठी मंडळींना कॅनडा दाखवत फिरते. आमच्या धंद्यात देव एकच, टाइमटेबल. त्या दिवशीचं टाइमटेबल असं होतं: अकराला सगळे झोपणार, पहाटे गाड्या, सहाला विमान. ही टूर मीच आखली होती. अस्वलांचा विचार केला होता, डासांचा केला होता. तिथीचा केला नव्हता.

यलोनाइफ कॅनडाच्या इतक्या उत्तरेला आहे की जूनमध्ये तिथे अंधार पडतच नाही. सूर्य मध्यरात्रीच्या आसपास क्षितिजाखाली जातो आणि चूळ भरून आल्यासारखा लगेच परत येतो. मधल्या वेळात नुसतं संधिप्रकाशाचं राज्य. पौर्णिमेनंतरचा चंद्र याच्या बरोबर उलटा वागतो. उन्हाळ्यात सूर्याचा फेरा लांब, तर चंद्राचा आखूड. तो दक्षिणेला जेमतेम डोकं वर काढतो, तेही फार उशिरा. मी फोनमध्ये पाहिलं. चंद्रोदय पावणेदोनला.

आजींचा मुलगा निखिल टूरवर त्यांच्याबरोबर आला होता. तोही पूर्वेकडेच, लव्हालला राहतो, आयटीत आहे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आईला शुगर आहे. रात्रीची गोळी जेवणानंतरची. सकाळपासून दूध आणि दोन केळ्यांवर आहे. Please, काहीतरी करा."

हा खरा प्रश्न होता. आजी अठ्ठ्याहत्तरच्या. त्या चक्कर येऊन पडल्या असत्या तर विमान राहिलं बाजूला, मला हॉस्पिटल गाठावं लागलं असतं.

मी टोरांटोला बॉसला फोन लावला. विनय धंद्यात हुशार आहे, भूगोलात नाही.

"अगं, सोपं आहे. पुण्याचा चंद्र व्हिडिओ कॉलवर दाखव. Done."

"तो आपल्या नाश्त्याच्या वेळेलाच उगवून गेला, विनय."

"मग उपास तेव्हाच संपला ना?"

मी हा मुद्दा आजींपुढे मांडला. त्या म्हणाल्या, "म्हणजे सकाळी अंघोळ करून उपास धरायचा आणि नाश्त्याला सोडायचा? त्याला उपास नाही म्हणत, त्याला भूक म्हणतात."

निखिलनं दुसरा डाव टाकला. त्याच्या बायकोनं लव्हालच्या बाल्कनीतून फोटो पाठवला होता. छान तांबूस चंद्र, शेजाऱ्यांच्या छपरावर. "आई, हा बघ. आपल्याच घरचा आहे. दोन घास खा."

आजींनी गॉगल कपाळावर चढवून फोटो नीट पाहिला. "सुंदर आहे. तिला म्हणावं जेवून घे." फोन परत दिला. "ज्या गावात आपण, त्या गावचा चंद्र. पाय इथे आणि आभाळ दुसरीकडचं, असं कसं चालेल?"

मला वीस वर्षं झाली कॅनडात येऊन, अजून माझ्या स्वयंपाकघरातलं दुसरं घड्याळ पुण्याची वेळ दाखवतं.

तेवढ्यात टूरमधले डॅनियलकाका खुर्ची ओढून जवळ बसले. काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेले मराठी ज्यू. आता टोरांटोत असतात. त्या दिवशी शनिवार होता. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. त्यात काम नाही, विस्तव नाही, गाडीत बसणं नाही.

"वहिनी, तुम्हाला एक चंद्र पाहिजे. मला तीन तारे. माझी केस जास्त वाईट आहे," काका म्हणाले.

आजी दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

मी आजींशी करार केला. दर अर्ध्या तासाला शुगर तपासायची. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या खाली गेली, तर चंद्र असो वा नसो, जेवायचं. मला वाटलं वाद होईल. आजी म्हणाल्या, "बरोबर आहे. गणपतीला माझी शुगर माहीत आहे."

मग लक्षात आलं की लॉजच्या दक्षिणेला स्प्रूसची दाट झाडी आहे. चंद्र वर येणार तो बोटभर, दिसणार कुठून? तळ्याच्या काठाला एक मोठा उघडा खडक होता. आजींना मी गाडीतून नेलं. काका चालत आले. झोपायचं सोडून बाकीची मंडळीही आली, चादरी आणि डासांच्या जाळ्या घेऊन. मी आमच्या टूरच्या कूककडून वरणभाताचा डबा भरून घेतला होता.

बाराच्या सुमाराला आकडा घसरत डॉक्टरांच्या आकड्याजवळ आला. मी डबा उघडायला घेतला. त्यांनी माझं मनगट धरलं. "अजून करारात आहे ना? दूध दे." साखर घालून दिलं. पुढची वीस मिनिटं निखिल त्या मशीनकडे बघत होता आणि मी निखिलकडे. आकडा वर आला.

काकांना डोक्यावर एक तारा सापडला. दुसरा म्हणून कुणी दाखवला, ते विमानच निघालं.

पावणेदोन झाले, काही नाही. दोन वाजले. मग पाण्याच्या कडेला, धुरकट पट्ट्यात, एका बाजूनं झिजलेला तांबडा चंद्र दिसला. पहिल्यांदा काकांनाच दिसला.

"वहिनी, आला."

आजींनी अर्घ्य दिलं आणि हात जोडले. म्हणाल्या, "आमचे हे गच्चीवर जाऊन असंच सांगायचे. ते गेल्यापासून मीच जाते, मीच बघते." डोळे पुसून त्या खाली बसल्या आणि जेवायला लागल्या.

मी काकांना विचारलं, "तुमचे तीन तारे?"

"ते कुठले दिसायला? इथे टोरांटोचं घड्याळ धरा, असं आमच्या धर्मगुरूंना विचारूनच आलोय. तिथे तारे दिसले तेव्हा इथे आठ वाजले होते, माझा शब्बाथ तेव्हाच सुटला."

"मग गाडी सोडून चालत का आलात?"

"गाडीत बसलो असतो तर शब्बाथ सुटल्याचं कळलं असतं. मग वहिनी म्हणाल्या असत्या, तुम्ही जा, झोपा." काका चष्मा पुसत होते. "एकट्यानं वाट बघणं वाईट."

चार घास खाऊन आजींनी माझ्याकडे पाहिलं. "तू कधी जेवलीस गं?"

मी आठवून पाहिलं. सकाळची कॉफी. त्यानंतर नुसती पळापळ.

"म्हणजे तुझाही उपास घडला," आजी म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे सरकवला. गार वरणभात होता. मी पोटभर खाल्ला.

सहाचं विमान मिळालं. कोणीही झोपलं नव्हतं, आणि विनयला ते अजून माहीत नाही. तेव्हापासून उत्तरेची जूनची टूर घेणाऱ्यांना मी बुकिंगच्या वेळेलाच दोन गोष्टी विचारते: डोळ्यांवर बांधायला पट्टी आहे का, आणि उपास कुठल्या गावच्या चंद्रावर सोडता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तिथल्याच" असं आलं, की मी मुकाट्यानं परतीचं विमान दुपारचं काढते.