जेलवाल्या काकांचा वणीचा गठ्ठा

जेलवाले काका आयुष्यात एक दिवसही तुरुंगात गेले नव्हते. कळंबला आमच्या गल्लीत त्यांना हे नाव पडलं ते त्यांच्या रद्दीपायी. स्वातंत्र्याच्या चळवळीत कोण कुठे पकडलं गेलं, कुणाला किती शिक्षा झाली, अशा बातम्यांची जुनी वर्तमानपत्रं ते गावोगावच्या रद्दीवाल्यांकडून हुडकून आणत. सुटकेच्या बातमीला मात्र हात लावत नसत. "सुटलेला माणूस घरी येते, त्याची बातमी कायले पाह्यजे?" म्हणत.

ते रांगत होते तेव्हा त्यांचा बाप सत्याग्रहाला जातो म्हणून गेला, तो परत आलाच नाही. गाव म्हणे, बाईपायी पळाला. आई हे ऐकत ऐकतच मेली. बापाचं नाव एकदा छापलेलं सापडावं, एवढ्यासाठी काकांची सारी खटपट. पण मेले ते बातमीदार! पुढाऱ्यांची नावं ठळक, आणि खाली 'व इतर सतरा इसम'. "माहा बाप त्या सतरात असन," काका बोट ठेवून सांगत.

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलाला त्या कागदांचा वीट, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे, शेजारच्या मास्तराकडे आलं. दिवाळीनंतर वणीहून एक गठ्ठा आला. त्यात पकडलेल्यांच्या नावांची अख्खी यादी आहे, असं रद्दीवाला म्हणाला होता. काका सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात. मी परीक्षेचे पेपर तपासायचेत म्हणून दोन रविवार टाळले.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज ना उद्या येईल म्हणून घरोघरी कापूस आढ्यापर्यंत भरलेला, माणसं ओसरीत जेवायची. काकांच्या मुलाचाही कापूस आला, तेव्हा काकांनी स्वतःच गठ्ठे उचलून मागच्या उघड्या छपरीत नेले. तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस झोडपून गेला. कापूस कोरडा राहिला, कागदांचा लगदा झाला.

मी धावत गेलो. वणीचा गठ्ठा चुलीपुढे धरून एकेक पान सोडवू लागलो, तर पान बोटालाच चिकटून येई. शाई पार फुटली होती. चुकलं माझं काका, म्हणालो आणि मला रडू आलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या गुरुजी," ते म्हणाले. "गाव म्हणते तेच खरं असन. पळूनच गेला असन माहा बाप."

हे वाक्य त्यांनी जन्मभर कुणाला समोर बोलू दिलं नव्हतं. मी लगद्यातलं पुढचं पान सोडवायला घेतलं.