टाचेची तयारी

नायगावची चाळ सोडून टॉवरमध्ये सामान लावताना डब्याच्या तळाशी आईची टाचा घासायची पितळी वज्री हाताला लागली आणि तो रविवार आठवला. चाळीच्या मंडळानं हाडांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. मशीन टाचेला लावतात, एवढंच आदल्या दिवशी कळलं आणि बायकांची धावपळ उडाली. “परक्या माणसाच्या हातात पाय द्यायचा, तर भेगा दाखवायच्या काय?” आई म्हणाली. संध्याकाळी नळापाशी साबणाचा नुसता फेस, वज्रीची खरखर आणि खिदळणं. आमची वज्री सगळ्या मजल्यावर फिरून आली, तेव्हा कुठे आईचा नंबर लागला. मग तिनं टाचा लालबुंद होईपर्यंत घासल्या. सकाळी मशीनवरच्या मुलीनं सोलवटलेल्या टाचेला जेल लावलं, तशी ते झोंबून आई खुर्चीतून उडालीच. “काकी, मशीन आतलं हाड बघतं हो, वरची कातडी नाही,” ती मुलगी हसू दाबत म्हणाली. हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरलेल्या बादल्या उचलू नका म्हणून बजावलं. माझा चेहरा उतरला, जिना चढताना मी तिचा हात घट्ट धरला. ती मात्र शेजारच्या काकूंना ऐकवत होती, “हाडांचं काय गो, गोळ्यांनी होतील घट्ट. पण अख्ख्या लायनीत माझ्यासारखी टाच होती का कुणाची?” उद्या सकाळी माझी तीच तपासणी आहे. मशीन आतलं हाड बघतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मघापासून बाथरूमचं दार लावून मी वज्रीनं टाचा घासत बसलेय.