अर्धी गोळी

आमच्या वहिनी कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून अल्टरेशन करतात. घट्ट होतंय? अर्धा इंच सोडा. सैल होतंय? अर्धा इंच घ्या. तीस वर्षं हेच. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली आणि त्या परत त्याच खुर्चीत, इस्त्रीच्या वाफेत बसल्या.

केमोत पाळी गेली. आजार उलटू नये म्हणून पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची होती, तिने त्रासात आणखी भर घातली. अंगाची आग, घाम, झोपेचं खोबरं. सल्ल्यांना घरात तोटा नव्हता. दादा म्हणे सहन कर, मावशी म्हणे गोळीच बंद कर, शेजारीण झाडपाल्याची पूड घेऊन हजर. मी नणंद, मी तर तोंड चालवायलाच जन्मले आहे. वहिनी सगळ्यांना दमून ‘बरं’ म्हणायच्या.

परवा बटण शोधताना त्यांच्या डब्यात अर्ध्या गोळ्या सापडल्या. कात्रीने नीट कापलेल्या, मूठभर. पाकिटातली रोज एक कमी होत होती, म्हणून दादा निश्चिंत!

"वहिनी, हे काय?"

"घट्ट होत होतं. अर्धं सोडलं."

दुसऱ्या दिवशी तो डबा आणि शेजारणीची पुडी घेऊन त्यांना दवाखान्यात नेलं. वाटलं, नर्सबाई चांगलंच झापतील. त्यांनी डबा बघितला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा होते अंगाची आग?"

"बारा-तेरा वेळा."

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"अर्धी गोळी पुरेल याची खात्री मी देऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. "या त्रासावरची हार्मोनची औषधं तुमच्या आजारात सहसा टाळतात. बिनहार्मोनची आहेत. त्यांनी कुणाला मळमळतं, कुणाला गुंगी येते. या गोळीबरोबर कुठलं चालेल ते डॉक्टर सांगतील. औषध नको असेल तर त्रास कसा हाताळायचा ते शिकवणारे वर्ग आहेत. कधी गोळी बदलूनही बघतात. पुडीत काय आहे ते मलाच माहीत नाही, ती नको. सगळं विचारून घ्या, मग ठरवा."

"कुणी ठरवायचं?"

"तुम्ही."

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वन्सं, सगळं माझ्याच अंगावर बेतलं, आणि मला कुणी ट्रायलला बोलावलंच नाही हो."

त्यांनी पर्समधून पाकीट काढलं आणि अख्खी गोळी तळहातावर घेतली. "डॉक्टरांना भेटेपर्यंत ही. पुढचं मी विचारून ठरवते."

मी पाणी आणून दिलं. जन्मात पहिल्यांदा, एक शब्द न बोलता.