अरबचा हुरडा

मस्कतला निघाले त्या सकाळी आमच्या यवतमाळच्या घरासमोर नागपूर विमानतळाची गाडी उभी होती आणि डिकीत बॅगा मावत नव्हत्या. अम्मी लोणच्याची बरणी पुन्हा पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळत होती. अब्बा ड्रायव्हरला रस्ता समजावून सांगत होते, जो त्याला अब्बांपेक्षा चांगला ठाऊक होता. शेजारच्या काकू रडत होत्या, त्या रडतात म्हणून अम्मी रडत होती आणि अम्मी रडते म्हणून मी. डोळे कोरडे होते ते फक्त अब्बांच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या हमीदा फुफीचे.

"रडून राह्यल्या कायले गे?" ती सगळ्यांवर खेकसली. "पोरगी काय परदेशात चालली? आपल्या दादाच्या गावाले चालली. तिथं आपलेच लोक हाय."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बॅगा बांधून निघालेत, त्यांना निरोपाच्या वेळी नाही नाही ते ऐकावं लागलं असेल. पण 'तू तर आपल्याच घरी चाललीस' असं सांगून कोणाला परदेशी धाडलं असेल, असं मला वाटत नाही.

झालं असं होतं की फुफीचे दादा, म्हणजे तिचे आजोबा आणि माझे पणजोबा शेख चांद, हे अरबस्तानातून आले होते, अशी आमच्या घराण्यात पक्की समजूत होती. जुने लोक त्यांना 'अरबवाले' म्हणत, आणखी काय पुरावा पाहिजे? ते पिंजारी होते, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. अरबस्तानातल्या माणसाला थेट यवतमाळला येऊन गाद्या भरायची बुद्धी कशी झाली, हा प्रश्न कोणाला पडला नाही. पुढे अब्बांनी 'अरब गादी भांडार' काढलं, तेव्हा पेंटरनं आपल्या मर्जीनं पाटीवर खजुराचं झाड आणि उंट काढून दिला. त्या पेंटरनं उंट कधी पाहिला नसावा. गिऱ्हाईक अजून विचारतं, पाटीवर म्हैस कशाला?

या सगळ्या थाटाची एक बाजू दुखरी होती. यवतमाळात आम्हाला भाऊबंद म्हणून कोणी नव्हतं. दुसऱ्यांच्या लग्नात पाहुण्यांनी मेटॅडोर भरून यायचे, आमच्या लग्नात पाहुण्यांपेक्षा ताटं जास्त. फुफीचं लग्न बाभुळगावला झालं, तेव्हा मुलीकडची माणसं फारच कमी दिसतात म्हणून शेजाऱ्यांना नातेवाईक करून पुढं बसवलं होतं. सासरी तिला वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागले, की हिच्या मागे कोणी आहे की नाही? फुफा वारले, मूलबाळ नव्हतं, फुफी आमच्याकडे परत आली. ती हे सगळं हसून सांगायची, पण शेवटी एक वाक्य हमखास यायचं. "मरायच्या आधी आपल्या खानदानातला एक तरी माणूस पाहून घेतला पाहिजे, ज्याचं नाक माह्यासारखं हाय." नाक फुफीचं खास आहे. मधे उंचवटा, शेंड्याला किंचित डावीकडे वळलेलं. आमच्या घरात ते फक्त तिलाच आलं.

गाडीत बसताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "शोध बेटा. तू शिकलेली हाय."

मस्कतला मी एका शाळेत गणित शिकवते. हळूहळू तिथलं सगळं अंगवळणी पडलं. पर्समध्ये आधार कार्डाच्या जागी बताका आला, तोंडात 'यल्ला' आणि 'खल्लास' आलं, रविवारी सकाळी शाळेत जायचं आणि शुक्रवारी लोळायचं हेही जमलं. शाळेच्या ऑफिसात सलमा नावाची ओमानी मैत्रीण मिळाली. तिला पणजोबांची गोष्ट सांगितली, तर तिनं कहवा ओतता ओतता सहज विचारलं, तुमचा कबिला कोणता? मी म्हटलं, पिंजारी. तिनं घरी जाऊन वडिलांना विचारलं. त्या भल्या गृहस्थांनी बराच विचार करून निरोप धाडला की डोंगरापलीकडे असतील कोणीतरी. माझं मन मोडायला नको म्हणून ते तसं म्हणाले, हे मला फार नंतर कळलं.

मग मी इंटरनेटवर उतरले. आपले पूर्वज शोधणाऱ्यांची तिथं मोठी जत्राच भरलेली असते. कोणी जहाजांच्या उतारूंच्या याद्या टाकलेल्या, कोणी कबरींचे फोटो, कोणी सात पिढ्यांचे वंशवृक्ष. मी शुक्रवारचे शुक्रवार त्यात घालवले. शेख चांद नावाची माणसं मला इतकी भेटली की त्यांचं एक गाव वसलं असतं. त्यातला एक घोड्यांचा व्यापारी मला फारच पसंत पडला. मी उत्साहात घरी फोन केला आणि फुफीनं मोहल्ल्यात पेढे वाटले. पुढच्याच आठवड्यात लक्षात आलं की तो आमच्या पणजोबांच्या कितीतरी आधी वारला होता. फुफी म्हणाली, "जाऊ दे, पेढे खाऊन झाले लोकायचे. आता सांगू नको कोणाले."

मराठीतूनही शोधून पाहिलं. सरकारनं गावोगावचे जुने कागद स्कॅन करून ठेवले आहेत, त्यात 'चांद', 'पिंजारी', 'अरब' असं टाकलं की दर वेळी एकच गाव पुढं यायचं, बोरी अरब. मी वैतागायचे. मला अरब पाहिजे होतं, बोरी अरब नको होतं. दारव्ह्याच्या रस्त्यावरचं ते बाजाराचं गाव, तिथं बस थांबली की आम्ही उतरून भजी खायचो. कंडक्टरपासून प्रवाशांपर्यंत सगळे त्याला नुसतं 'बोरी' म्हणतात, पाटीवरचं 'अरब' तोंडात कोणी घेत नाही. जाहिरात हटवावी तसं मी ते पान दर वेळी बाजूला सारत होते.

आणि मग ज्वारी आडवी आली. एका शुक्रवारी मी फुफीला फोनवर कुरकुर करत सांगत होते की इथं भाकरीसाठी ज्वारीचं पीठ मिळता मिळत नाही.

"असं कसं?" फुफी म्हणाली. "तिथं तं लय गोड ज्वारी होते. दादा अरबहून हुरडा आणत न आमच्यासाठी."

मी म्हटलं, "अरबहून हुरडा?"

"मंग! ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदले, बंडी जुपून अरबले जात, तिसऱ्या दिवशी वापस येत. थंडीची ईद असली का हुरडा आणत, तुरीच्या शेंगा आणत."

"फुफी, बैलबंडीनं? अरबस्तानात? अन् तिसऱ्या दिवशी परत?"

फुफी हार मानणाऱ्यांतली नाही.

"तवाचे बैलच तसे होते, बेटा."

फोन ठेवला आणि मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या केरळी बाईंनी दार वाजवून चौकशी केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आमच्या खानदानानं समुद्र ओलांडून घातला होता. आपल्या जिल्ह्यात बोरी नावाची गावं काय कमी आहेत? यवतमाळात आलेल्या नव्या पिंजाऱ्याला कोणी गाव विचारलं की तो 'बोरी' म्हणत असेल, लोक 'कोणती बोरी?' म्हणत असतील, आणि तो 'अरब' म्हणत असेल. शेवटी कंटाळून त्यानं बोरी सोडली आणि अरब तेवढं ठेवलं. पणजोबा वारले तेव्हा फुफी लहान होती. माझे आजोबा मुळात अबोल, त्यात तेही लवकर गेले. बंडी जुपायची थांबली आणि मागे नुसता एक शब्द राहिला.

मी ते बाजूला सारलेलं पान नीट वाचलं. चांद वल्द बुडन, म्हणजे बुडनचा मुलगा चांद, पिंजारी, आणि त्याच्याखाली भाऊ, लाल वल्द बुडन. मग बोरीच्या लोकांचा फेसबुकवरचा ग्रुप शोधून तिथं विचारलं. दुसऱ्याच दिवशी इरफान नावाच्या मुलाचा फोन आला. तो बोरीत ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतो.

"ताई, लाल पिंजारी म्हणजे माह्या आजोबाचे दादा," तो म्हणाला. "त्यायचा भाऊ यवतमाळले गेला, मंग काही पत्ताच लागला नाही, असं घरात सांगतात. मले एक सांगा, तुमचे पणजोबा डाव्या हातानं पिंजत होते का?"

कशासाठी ते न सांगता मी अम्मीला फुफीला विचारायला लावलं. फुफीचं उत्तर आलं, "हो, डावखुरेच होते. हे कोणाले इचारावं लागते का?" इरफाननं ते ऐकलं आणि पलीकडे कोणालातरी ओरडून सांगितलं, "हेच हाय! हेच हाय!"

माझा आनंद गगनात मावेना, पण लगेच प्रश्नही पडला. हे फुफीला सांगायचं कसं? तिनं आयुष्यभर आपल्या पोरकेपणावर समुद्र पांघरला होता. लोक म्हणायचे तुझं कोणी नाही, ती म्हणायची, आहेत, पण दर्याच्या पल्याड आहेत. आता तिला सांगायचं की तो दर्या नव्हताच, एक दारव्हा रोड होता? दुकान सांभाळणारा माझा भाऊ अझहर म्हणाला, "सांगू नको. या वयात तिचं अरब कायले हिसकावतं?" मला त्याचंही पटत होतं. पण तिकडे नाकं होती, आणि फुफीचं वय वाट पाहत बसायचं नव्हतं.

डिसेंबरच्या सुट्टीत यवतमाळला गेले आणि दुसऱ्याच सकाळी, ती अंगणात उन्हाला बसून तूरडाळ निवडत होती तेव्हा, समोर बसून सगळं सांगून टाकलं. अझहर दारात उभा होता, माझ्याकडे रागानं बघत. फुफीचे हात थांबले. ती सुपातल्या डाळीकडे बघत राहिली. मला वाटलं, चुकलंच माझं.

मग तिनं मान वर केली.

"म्हणजे एसटीनं जाता येते?"

मी म्हटलं, "हो फुफी."

"अन् मले तं तिकीटबी लागत नाही!" पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून एसटीचा प्रवास फुकट झाला, याचा तिला भारी अभिमान आहे. ती सूप बाजूला ठेवून उठली सुद्धा. "चाल मंग. बसली काहून?"

आम्ही गाडी काढतो म्हटलं, पण तिला एसटीच पाहिजे होती. ईदची साडी, वर नवा बुरखा आणि मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन ती खिडकीशी बसली. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस वेचणं चाललं होतं. अर्ध्या वाटेवर ती अचानक हसायला लागली, ती थांबेचना. शेजारच्या बाईनं विचारलं तर म्हणाली, "माह्या दादाचं अरब पाहायले चालली मी."

बोरीच्या थांब्यावर इरफान उभा होता. घरी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. फुफी बसली नाही. उभ्यानंच एकेकाच्या तोंडाकडे बघत सुटली. तेवढ्यात आतून इरफानचे आजोबा, रहीमभाई, काठी टेकत बाहेर आले. नाक मधे उंच, शेंड्याला डावीकडे वळलेलं. फुफीनं बुरख्याच्या बाहीनं डोळे पुसले. ती रडताना मी पहिल्यांदा पाहिली.

रहीमभाई तिच्याकडे बघत म्हणाले, "तुम्हीच का त्या? मोठे दादा इथं आले का म्हणत, यवतमाळले माही एक नात हाय, तिच्यासाठी शेंगा बांधून द्या. मी लहान होतो. मलेच वावरात धाडत तोडायले. मले लय राग येत होता तुमचा!"

"अन् मी खात होती न," फुफी रडता रडता हसायला लागली. "सगळ्या मीच खात होती."

त्या दुपारी अंगणात काय कल्ला झाला! कोण कोणाचं कोण लागतं, हे लावता लावता जेवणं गार झाली. लहान पोरं फुफीच्या भोवती, बाया तिच्या हातावरच्या तिळापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं आपल्या माणसांशी जुळवून बघत होत्या. शेजारची एक बाई डोकावून म्हणाली, "पाहुण्या कुठच्या म्हणायच्या?" फुफी म्हणाली, "पाहुणी नाही बाई, इथलीच हाय. यायले जरा उशीर झाला."

अझहरनं पाटी पुन्हा रंगवली. आता तिथं 'बोरी अरब गादी भांडार' आहे. उंट ठेवला. इतक्या वर्षांनी त्याला कुठं घालवायचं?

मी मस्कतला परतले. पणजोबा एका दिवसाच्या वाटेवर गेले आणि त्यांच्या माघारी दोन घरं एकमेकांना हरवून बसली. मी समुद्रापलीकडे आहे, तरी माझ्या डब्यात आज काय होतं हे अम्मीला ठाऊक असतं. माझं नशीब चांगलं आहे, हे मला आता रोज जाणवतं. 'घरी कधी येतेस?' हा प्रश्न इथं आम्हा सगळ्यांना विचारला जातो, तुम्हालाही विचारत असतील. मी त्याचं उत्तर नेहमी सुट्ट्यांच्या तारखांत देत आले.

फुफी दोन दिवसांसाठी म्हणून बोरीला राहिली होती, ती अजून तिथंच आहे. मधे एकदा यवतमाळला येऊन उरलेल्या साड्याही घेऊन गेली. काल व्हिडिओ कॉल लावला तर मागे इतका गोंगाट की तिचं बोलणंच ऐकू येईना. मी मोठ्यानं ओरडून विचारलं, "फुफी, घरी कधी येता?"

तिनं फोन कानाशी धरला, त्यामुळे मला नुसता तिचा कान दिसला, आणि मग तिचा आवाज आला, एकदम ठणठणीत.

"कोणत्या?"