फुंकरताईचं मोठं बटण

फुंकरताईला रीतसर नाव होतं, पण दुकानाच्या परवान्याखेरीज ते कुठेच वापरात नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं की ती आधी आत वाकून एक जोरदार फुंकर मारायची आणि मगच बाकीच्या कामाला हात घालायची. पुढे हवा मारायचा ब्लोअर आला, तरी ती पहिली फुंकर काही सुटली नाही. त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच.

दुकान म्हणजे इमारतीच्या जिन्याखालची खोली. एक लांब टेबल, स्क्रूंचे डबे, भिंतीला टेकून ओळीनं सहा जुने कॉम्प्युटर. वर दुसऱ्या मजल्यावर ती आणि तिचा थोरला भाऊ राहत. ही खोली मुळात दादाची. पंचवीस वर्षं त्यानं इथे रेडिओ दुरुस्त केले आणि धाकट्या बहिणीला शेजारच्या स्टुलावर बसवून हात चालवायला शिकवलं. त्याचे नियम दोनच. उघडलेली वस्तू आधी साफ करायची, मग तपासायची. आणि बिघाड शोधत बसायचं नाही. जे जे धड आहे ते एकेक करून बाद करत जायचं, शेवटी उरतो तोच बिघाड. "शहाणी माणसं अंदाज बांधतात," तो म्हणायचा, "आपण बाद करतो."

चार वर्षांपूर्वी त्याच्या हातून स्क्रू निसटायला लागले. मग कप निसटले. डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं, ते दादानं कधी उच्चारलं नाही. तो त्याला 'गंज' म्हणायचा. बोटांतली ताकद महिन्या-महिन्यानं उतरत होती आणि या गंजावर औषध नव्हतं. इतक्या थोड्या लोकांना होणाऱ्या आजाराचं औषध शोधायला कोण बसतो? दूरच्या एका विद्यापीठात मात्र चार-पाच जण बसले होते.

त्यांची रीत अशी. हजारो रेणूंपैकी एखादा या आजारावर लागू पडेल का, हे आधी आकडेमोड करून बघायचं. ती आकडेमोड अफाट, आणि तेवढं मोठं यंत्र त्यांच्याकडे नाही. म्हणून ते लोकांना विचारत: तुमचा कॉम्प्युटर नुसता बसलेला असतो, तेव्हा आम्हाला थोडा उसना द्याल? मग प्रत्येक मशीनला कामाचा एक तुकडा जायचा, ते मशीन तो सोडवून परत पाठवायचं. गावभरच्या बायकांनी एकेक वाटी निवडून पोतंभर धान्य संपवावं, तसं.

त्या महिन्याच्या सुरुवातीला विद्यापीठाची सूचना आली. मशीनं कमी पडताहेत, सगळ्या आजारांच्या याद्या चालू ठेवणं जमत नाही. दादाच्या आजाराच्या यादीला महिनाअखेरीपर्यंत दोनशे नवी मशीनं मिळाली नाहीत, तर ती यादी बाजूला ठेवावी लागेल. किती काळ, ते लिहिलेलं नव्हतं. फुंकरताईनं ती सूचना दोनदा वाचली, पदर खोचला आणि पहिल्या गिऱ्हाइकापासून सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात तिनं अकरा मशीनं जमवली. त्यातली सहा तिच्याच दुकानातली.

लोक नाही म्हणत नव्हते. अडत होतं ते त्या प्रोग्रामपाशी. तो लावायचा म्हणजे नमनाला घडाभर तेल. नाव द्या, पासवर्ड द्या, प्रकल्प निवडा, किल्ली टाका, मग चाळीस चौकोनी खुणा, आणि त्यातल्या निम्म्यांचा अर्थ तिलाच लागत नव्हता. समोरच्या शिवणवाल्या काकू बिचाऱ्या अर्धा तास चिकाटीनं बसल्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, एवढ्यात माझे दोन झगे शिवून झाले असते गं."

"तुमचं बरोबर आहे काकू," ती म्हणाली. "चूक याची आहे."

तिनं विद्यापीठातल्या संशोधक बाईंना पत्र टाकलं: तुमच्या प्रोग्रामच्या वर मी एक छोटी खिडकी बसवते, आतले सगळे प्रश्न तीच परस्पर सोडवेल, माणसाला फक्त एक बटण दिसेल, परवानगी द्या. बाईंनी परवानगी दिली, वर दोन रात्रींचं काम वाचेल इतकी मदतही केली. ती खिडकी वापरून बघायला तिनं दादाला बसवलं. पहिलं बटण त्याला धरताच आलं नाही. माऊस थरथरत त्याच्या बाजूनं निघून जाई. तिनं ते वाढवलं. पुन्हा हुकलं. पुन्हा वाढवलं. अकराव्या खेपेला बटण निम्म्या पडद्याएवढं झालं, तेव्हा दादाचा हात त्यावर पहिल्या झटक्यात पडला. बटणावर लिहिलेलं: 'काम कर'. दाबलं की तिथे यायचं: 'थांब'. खाली एकच ओळ, आज किती रेणू तपासले आणि किती बाद झाले. बस्स.

"झकास," दादा म्हणाला. "आता दोन गोष्टी ऐक. एक, माझं नाव कुणाकडे काढायचं नाही. माझा हात दाखवून दारोदार भीक मागायची नाही. दोन, हे माझ्या मशीनवर लावायचं नाही."

"का पण? तुझं मशीन दिवसभर नुसतं बुद्धिबळ खेळतं."

"खेळू दे. लष्करच्या भाकऱ्या तू भाज."

त्याला आशा नको होती, हे तिला कळत होतं. गंजाची त्याला सवय झाली होती. आशेची भीती वाटायची. तिनं वाद घातला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, असं मनात म्हणाली आणि दोन्ही अटी कबूल केल्या.

एका बटणानं जादू केली. काकूंनी लावलं, त्यांच्या जावेनं लावलं, वाचनालयानं आठ मशीनं दिली. प्रत्येकाला ती आधी विचारायची, काय आहे ते सांगायची, आणि बटण त्यांनाच दाबू द्यायची. नऊ दिवसांत आकडा एकशे चौतीसवर गेला.

आणि दहाव्या दिवशी पंखे बोंबलायला लागले.

एकामागून एक माणसं मशीन बगलेत मारून दारात. घरघर करतंय. तापतंय. हेअर ड्रायरसारखा आवाज येतोय. सगळ्यात शेवटी छापखानेवाले आले, तेही काकूंसह चार माणसं दुकानात असताना. मशीन टेबलावर आदळून म्हणाले, "ताई, आम्ही तुम्हाला भोळे वाटलो का? बटण फुकट लावायचं, मशीन बिघडवायचं, की दुरुस्तीला गिऱ्हाईक आपोआप दारात! आवळा देऊन कोहळा काढायचा!"

"मी असं करीन, असं वाटतं तुम्हाला?"

"मग तुमचा फायदा काय यात? एवढं गावभर हिंडताय ते कशासाठी? सांगा की!"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. वरच्या मजल्यावरच्या माणसाचं एक वाक्य सांगितलं असतं, तर छापखानेवाल्यांची मान खाली गेली असती. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. असा राग आला होता तिला, छापखानेवाल्यांचा आणि त्याहून जास्त दादाचा, की कान तापले. "मशीन ठेवून जा," एवढंच ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत कारण सांगते."

आकडा एकाहत्तरवर उतरला. हाताशी आठ दिवस.

छापखान्याच्या मशीनचं झाकण काढलं आणि तिच्या तोंडातली फुंकर तोंडातच राहिली. आत कागदाच्या भुश्याची गादी जमलेली. पंखा त्या गादीत रुतून फिरत होता. मशीन नुसतं बसलेलं असताना ते भागून जायचं. खरं काम मिळालं की गुदमरायचं. ती आपल्या सहा मशीनांकडे वळून बघत राहिली. आरशासारखी लख्ख. तिची सगळी चाचणी त्यांच्यावर झाली होती. साफ केल्याशिवाय तपासायचं नाही, हा दादाचा नियम तिच्या इतका अंगात भिनला होता, की लोकांच्या घरातली मशीनं वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नसतात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. चूक तिचीच होती, आणि ती दुरुस्तीवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

संध्याकाळी ती छापखान्यात जाऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माझी. बटण तुमच्या मशीनला बिघडवत नव्हतं, पण मी आत न बघता ते लावलं. मशीन साफ केलंय. बटण काढून टाकलंय." छापखानेवाल्यांनी मान हलवली, पण डोळ्यांतला संशय काही हलला नाही.

मग तिनं कंबर कसली. आधी खिडकी बदलली: मशीन तापायला लागलं की काम आपोआप निम्म्यावर येईल, तरी तापलं तर थांबेल, आणि खालच्या ओळीत लिहून येईल, 'आत धूळ आहे'. मग दुकानाचं लांब टेबल तिनं बाहेर, फुटपाथवर ओढलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: 'मशीन आणा. धूळ फुकट काढून मिळेल. बटण लावा अथवा लावू नका.'

पहिल्या दिवशी चौदा मशीनं आली, दुसऱ्या दिवशी तीस. ती फुंकर मारायची, ब्लोअर चालवायची आणि निघालेली धूळ पांढऱ्या ट्रेमध्ये मालकाला दाखवायची. आपल्याच घरचा तो राखाडी गोळा बघून माणसं ओशाळत. कुणाच्या मशीनमधून मांजराचे केस निघाले, कुणाच्या मशीनमधून तीन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं. साफ झालेलं मशीन कसं गप्प चालतं ते बघितलं, की दहांतले सात जण स्वतःहून विचारत, "ते बटणाचं काय होतं हो?" रविवारी सकाळी, शेवटच्या दिवशी, आकडा एकशे ब्याऐंशी होता.

त्या रविवारी रांग कोपऱ्यापर्यंत गेली. दुपारी तिच्या घशातून आवाज निघेना. एका हातात ब्लोअर, दुसऱ्या हातात ब्रश, आणि बटण समजावून सांगायला कुणी नाही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दादा एकेक पायरी उतरत होता, कोपरानं कठडा धरून. दोन महिन्यांत तो खाली आला नव्हता.

"वरून सगळं दिसतं," तो म्हणाला. "तू साफ कर. बटणाचं मी बघतो."

"अरे पण..."

"तू साफ कर म्हटलं ना, वेडे."

त्यानं खुर्ची घेतली आणि हात मांडीवर, सदऱ्याखाली ठेवले. रांगेतल्या माणसांना तो तोंडानं सांगू लागला, जुन्या थाटात, मध्येच चिमटे काढत. छापखानेवालेही दुसरं एक मशीन घेऊन रांगेत होते, पण फक्त धुळीसाठी, हे त्यांनी तिघांना तरी ऐकवलं होतं. त्यांच्यापुढे उभ्या काकू पडद्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "एक विचारू का? बाकी सगळं नीटनेटकं आहे, पण बटण एवढं ढगळ का बेतलंय? अर्धा पडदा खाऊन टाकलाय."

फुंकरताईनं ब्लोअर बंद केला. ती काही बोलणार नव्हती. शब्द दिला होता.

दादानं सदऱ्याखालून हात काढला. बोटं आत वळलेली, मनगट थरथरत होतं. तो हात त्यानं सगळ्यांदेखत उचलला, माऊसवर ठेवला, तो एकदा घसरला, पुन्हा ठेवला. बाण पडद्यावर भरकटत भरकटत बटणापाशी आला, आणि बटण दाबलं गेलं.

"ढगळ नाही काकू," तो म्हणाला. "माझ्या मापाचं आहे."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि उगाचच पडदा पुसला. छापखानेवाले रांगेतून बाहेर पडले, चालू लागले. फुंकरताईला वाटलं, गेले. वीस मिनिटांनी ते हातगाडी ढकलत परत आले. गाडीवर छापखान्यातली उरलेली पाचही मशीनं होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. "यातसुद्धा भुसा असेल," एवढंच म्हणाले.

"बघते," ती म्हणाली आणि फुंकर मारायला वाकली. रडू दिसू नये म्हणून जरा जास्तच वाकली.

उन्हं कलली तेव्हा आकडा दोनशे सहा झाला होता. संशोधक बाईंचं उत्तर लगेच आलं, दोन ओळींचं: यादी चालू राहील, आणि तुमचं बटण आम्ही सगळ्याच आजारांच्या यादीला लावू का?

टेबल आत ओढून ती वर गेली, तर दादा स्वतःच्या मशीनसमोर बसलेला. बुद्धिबळाचा डाव मिटवला होता.

"लाव," तो म्हणाला. "पण आधी साफ कर. नियम म्हणजे नियम."

तिनं झाकण काढलं, फुंकर मारली, बटण लावलं. ते त्यानंच दाबलं. तासाभरात पहिला तुकडा सोडवून झाला आणि खालची ओळ बदलली: तपासले एक, बाद एक.

तिला वाटलं, त्याचा चेहरा पडेल. या ओळीची तर त्याला भीती होती. तिनं धीर देणारं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दादा स्टुलावरून पुढे झुकला होता, रेडिओ उघडल्यावर झुकायचा तसा.

"चला, एक गेला," तो म्हणाला. "पुढचा येऊ दे."